सभासदाचा नंबर कुठे कुठे जातो

संस्थेचा सभासद होताना माणूस दोन गोष्टी देतो, वर्गणी आणि माहिती. वर्गणीची पावती मिळते. तिचा हिशेब आमसभेत वाचला जातो आणि लेखापरीक्षक तो तपासतात. माहितीची पावती मात्र कोणी देत नाही. नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, रक्तगट आणि अलीकडे आधार क्रमांकसुद्धा एका फॉर्मवर लिहून दिला की तो कागद सचिवांच्या कपाटात जातो. पुढे त्याचे काय होते, हे बहुतेक सभासदांनी कधी विचारलेले नसते आणि बहुतेक सचिवांनीही त्याचा कधी विचार केलेला नसतो.

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, दिग्रस अशा कोणत्याही गावात गेलात तर एक वाचनालय, दोन-चार समाजमंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, सेवानिवृत्तांची संघटना, रक्तदाता गट आणि दुर्गोत्सव मंडळ हमखास सापडेल. यवतमाळचा दुर्गोत्सव तर विदर्भभर नावाजलेला. म्हणजे एकच माणूस सहज पाच-सहा याद्यांमध्ये असतो. निवृत्त शिक्षक असेल तर पेन्शनरांच्या यादीत, समाजाच्या यादीत, वाचनालयाच्या यादीत आणि मुलीचे लग्न जमवायचे असेल तर परिचय पुस्तिकेतही. या याद्या तयार कशा होतात, कायद्याला त्यातले किती हवे असते, त्या बाहेर कशा पडतात आणि त्यांना बांध कसा घालायचा, हे नीट समजून घेतले पाहिजे. इथे माहिती चोरीला जात नाही. ती चांगल्या मनाने आणि ओळखीच्या माणसाच्या हाती दिली जाते. त्यामुळेच ती थोपवणे अवघड होते.

सुरुवात कायद्याला काय हवे असते इथून करू. आपल्याकडची बहुतेक मंडळे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि त्याचबरोबर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. यवतमाळला त्यासाठी सहायक धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. सोसायटी नोंदणीच्या १९७१ च्या महाराष्ट्र नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेने सभासदांची नोंदवही ठेवायची असते. सभासद कोण, कुठला, कधी आला, कधी गेला, हे कळण्यासाठी ती नोंदवही. तिचे महत्त्व आमसभेच्या दिवशी समजते. १८६० च्या कायद्याचे पंधरावे कलम सांगते की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला मत देता येत नाही. मग मतदानाचा हक्क कोणाला आहे, गणपूर्ती झाली की नाही, निवडणुकीच्या तोंडावर रातोरात घुसवलेले सभासद खरे की खोटे, हे सगळे त्या नोंदवहीवरच ठरते. धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षे चालणारे किती तरी वाद मुळात ‘खरी यादी कोणती’ एवढ्याच प्रश्नाचे असतात.

म्हणून सभासदांची यादी गुप्त ठेवा, असे मी म्हणणार नाही. ज्या संस्थेत सभासदालाच सभासदांची यादी पाहायला मिळत नाही, तिथे दोन-तीन घराण्यांची मक्तेदारी व्हायला वेळ लागत नाही. नाव, गाव, सभासद क्रमांक, मताचा हक्क आहे की नाही, इतके प्रत्येक सभासदाला दिसलेच पाहिजे. पण त्या चार रकान्यांत मोबाइल नंबर येत नाही. खोटा सभासद शोधायला नाव आणि गाव पुरते. हा फरक एकदा ध्यानात आला की पुढचे अर्धे प्रश्न सुटतात.

पदाधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी. कार्यकारिणीची नावे आणि पत्ते सरकारदरबारी द्यावे लागतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज करावा लागतो. सोसायटी कायद्याचे एकोणिसावे कलम तर असे आहे की निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रे कोणालाही फी भरून पाहता येतात. मूळ कायद्यात ही फी एक रुपया आहे. पद घेतले की नाव-पत्ता लोकांसमोर येणारच, आणि आला पाहिजे. ज्यांच्या हाती लोकांचा पैसा आहे, ते कोण आणि कुठे सापडतील हे लोकांना ठाऊक असावे. साध्या सभासदाने मात्र असे काही पत्करलेले नसते.

देणगीदारांची माहितीही कायद्यानेच एका ठिकाणी जाते. आयकरात सूट मिळवून देणाऱ्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक आणि रक्कम आयकर खात्याला कळवावी लागते. तेव्हा देणगीदाराचा पॅन किंवा आधार मागणे योग्यच. फक्त तो आकडा पावती पुस्तकाच्या स्थळप्रतीवर, दहा जणांच्या हातून फिरणाऱ्या कागदावर लिहिला जाऊ नये.

कायद्याला हवे ते एवढेच. आता यादीचा पुढचा प्रवास पाहू.

फॉर्म भरून आले की कार्यालयातला कोणी तरी तरुण कार्यकर्ता ते एक्सेलमध्ये चढवतो. फॉर्मवर जितके रकाने, तितके सगळे चढतात, कारण कोणता वगळायचा हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ती फाइल सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष यांच्या मोबाइलवर जाते. कोणी तरी व्हॉट्सअ‍ॅप गट काढतो आणि यादीतले सगळे नंबर त्यात घालतो. त्या क्षणी प्रत्येक सभासदाचा नंबर उरलेल्या सगळ्यांच्या हाती पोचलेला असतो. गटातल्या तीनशे जणांपैकी कोणी विमा एजंट आहे, कोणी प्लॉट विकतो, कोणाचा भाचा नगर परिषदेची निवडणूक लढवतो. यांतला कोणी वाईट नसेल. पण तिथून पुढे यादी कुठे जाते, हे संस्थेला कळण्याचा मार्ग राहत नाही.

मग रौप्यमहोत्सव येतो आणि स्मरणिका निघते. शुभेच्छा संदेश, अहवाल, जाहिराती आणि शेवटच्या पानांवर आजीव सभासदांची नावे, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर. मजकूर अक्षरजुळणीसाठी छापखान्यात गेला की त्याची प्रत तिथल्या संगणकावर राहते. मुद्रिते तपासायला पीडीएफ गटावर टाकली जाते. छापील स्मरणिका जाहिरातदारांना भेट म्हणून जाते, म्हणजे ज्यांना गिऱ्हाईक हवे असते त्यांच्याच हाती. लँडलाइनच्या काळात असे छापण्यात फारसे बिघडत नव्हते, कारण ते नंबर दूरध्वनी पुस्तिकेत असतच. आज तोच मोबाइल नंबर बँकेच्या खात्याला जोडलेला असतो, त्यावरच ओटीपी येतो आणि त्याच्या जोडीला जन्मतारीख व पत्ता छापलेला असतो. फसवणूक करणाऱ्याला ‘सर, आपण अमुक संस्थेचे आजीव सभासद ना?’ असा विश्वासाचा पहिला शब्द लागतो, तो इथून मिळतो. ज्येष्ठ नागरिक संघांनी हे विशेष लक्षात घ्यावे. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी जन्मदिवस छापणे चांगले, पण त्यासाठी तारीख आणि महिना पुरतो. सालाची गरज नसते.

यादी उमेदवाराच्या हाती जाण्याचे मराठीतले सर्वांत परिचित उदाहरण साहित्य संमेलनाचे आहे आणि त्याचा यवतमाळशी थेट संबंध आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष पूर्वी निवडणुकीने ठरत असे. मतदार हजाराहून थोडे अधिक, विदर्भ साहित्य संघ, महाराष्ट्र साहित्य परिषद यांसारख्या घटक संस्थांमधून आलेले. मतपत्रिका टपालाने जात. मतदारांची यादी उमेदवारांना मिळे आणि मग पत्रे, फोन, गाठीभेटी असा प्रचार चाले. थोड्या मतदारांपर्यंत घरोघर पोचायचे असल्यामुळे सगळा भर व्यक्तिगत संपर्कावरच असे. अनेक ज्येष्ठ लेखक या प्रचारामुळेच उभे राहत नाहीत, ही तक्रार जुनी होती. अखेर २०१८ मध्ये संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने आपली घटना दुरुस्त करून निवडणूक बंद केली आणि सन्मानाने निवड करण्याची पद्धत आणली. त्या पद्धतीने निवडल्या गेलेल्या पहिल्या अध्यक्ष अरुणा ढेरे आणि ते ९२ वे संमेलन यवतमाळला ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात भरले. त्याआधी १९७३ मध्ये इथे ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले होते.

निवडणूक बंद झाली ती लेखकांच्या सन्मानासाठी, नंबरांसाठी नव्हे. पण यादीच्या अंगाने हा दाखला उपयोगाचा आहे. मतदाराला गाठण्याचा उमेदवाराचा हक्क खरा. तो नाकारला तर आधीपासून सत्तेत असलेल्यांचा फायदा होतो, कारण त्यांच्याकडे यादी असतेच. म्हणून निवडणूक असलेल्या संस्थेने सगळ्या उमेदवारांना सारखी संधी द्यावी, पण यादी हाती देऊन नव्हे. प्रत्येक उमेदवाराचे निवेदन संस्थेनेच, एकाच दिवशी, सगळ्या मतदारांना पाठवावे. ज्या मतदाराला उमेदवाराचा फोन चालतो, त्याने तसे कळवावे आणि त्याचाच नंबर द्यावा. निवडणूक झाली की तो कागद परत घ्यावा. आज बहुतेक ठिकाणी निवडणूक संपते, पण हरलेल्या-जिंकलेल्या सगळ्यांकडे यादी उरते. पुढच्या वर्षी त्याच यादीवर पुस्तक प्रकाशनाची निमंत्रणे येतात, नंतर पतसंस्थेच्या ठेवींची.

समाजमंडळांच्या वधू-वर परिचय पुस्तिकेबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे, कारण विदर्भात तिचा पसारा मोठा आहे. एका नोंदीत काय असते? मुलीचा फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, पगार, नाडी, गण, मंगळ आहे की नाही, वडिलांचा व्यवसाय, शेती किती एकर, मामेकुळ, मामाचे गाव आणि खाली दोन मोबाइल नंबर, त्यांतला एक बऱ्याचदा मुलीचाच. अशा दोन-चारशे नोंदी एका पुस्तिकेत. मेळाव्याच्या दिवशी ती पुस्तिका पैसे भरून कोणीही विकत घेऊ शकतो. तिचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवले जातात आणि खासगी विवाह मंडळे त्याच नोंदी आपल्या वहीत उतरवून घेतात. मुलीचे लग्न होऊन दोन वर्षे झाली तरी ‘स्थळासाठी’ फोन येत राहतात आणि कधी कधी ते सासरी येतात.

पुस्तिका बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. तिच्यामुळे घाटंजीच्या घराला उमरखेडचे स्थळ कळते आणि मध्यस्थाचे पैसे वाचतात. पण ती वेगळ्या रीतीने काढता येते. प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यावा. शिक्षण, वय, उंची, तालुका एवढे छापावे. नाव, फोटो, पगार आणि नंबर मंडळाकडे ठेवावा. एखाद्या घराला क्रमांक ११७ आवडला तर त्यांनी मंडळाला कळवावे. मंडळाने त्या घरी विचारावे आणि होकार आला की दोन्ही घरांना एकमेकांचे नंबर द्यावेत. जुन्या काळी मध्यस्थ हेच करत. काम वाढते हे खरे, पण मेळाव्यात स्टॉल लावायला जितके कार्यकर्ते लागतात, त्यांतले दोघे वर्षभर फोनवर बसले तरी हे होते. आणि लग्न जमल्याचे कळताच नोंद खोडायची, हा नियम फॉर्मवरच छापावा.

तितकेच नाजूक प्रकरण गुणगौरव समारंभाचे. दहावी-बारावीचे निकाल लागले की समाजमंडळे, पतसंस्था, सेवाभावी क्लब गुणवंतांचा सत्कार ठेवतात. गुगल फॉर्मवर नाव, शाळा, टक्के, पालकांचा नंबर मागवतात. कार्यक्रमाचा खर्च एखादा कोचिंग क्लास उचलतो आणि बदल्यात यादी मागतो. मंडळाला वाटते, एवढी मदत केली तर यादी द्यायला काय हरकत आहे? पण ती यादी म्हणजे जिल्ह्यातल्या हुशार मुलांच्या पालकांचे तयार नंबर, आणि बाजारात तिला मोल आहे. पालकांनी ते नंबर सत्काराच्या वेळेसाठी दिलेले होते. प्रायोजकाला मंचावर दोन मिनिटे बोलू द्या, त्याचे पत्रक खुर्चीवर ठेवा. ज्या पालकाला हवे असेल, तो स्वतः फोन करील.

कधी कधी मात्र माहिती पुढे पाठवणे हेच संस्थेचे काम असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यानंतर विषबाधा झालेल्यांची आणि त्यांच्या कुटुंबांची एक संघटना उभी राहिली, महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉयझन्ड पर्सन्स. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ शेतकऱ्यांच्या वतीने तिने पेस्टिसाइड अ‍ॅक्शन नेटवर्क (पॅन) इंडिया आणि युरोपातल्या संस्थांच्या सोबतीने कीटकनाशके बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल केली. याखेरीज दोन मृतांच्या कुटुंबांनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्याने तिथल्या न्यायव्यवस्थेकडे भरपाईसाठी दाद मागितली. अशा कामात सभासदाचे नाव, दवाखान्याचे कागद, फवारणीची तारीख हे सगळे वकिलांपर्यंत, परदेशापर्यंत जावेच लागते. नाही तर न्याय मागायचा कसा? इथे पाहायचे ते एवढेच की त्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितले आहे का, की तुझा कागद कोणाकडे जाणार, कशासाठी जाणार आणि तुझे नाव बाहेर कळणार की नाही. होय म्हणून अंगठा उमटवण्याआधी त्याला हे समजले असेल, तर तो व्यवहार चोख.

आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या याद्यांना मात्र फार जपले पाहिजे. एका घरची माहिती तलाठ्याकडे, तहसीलमध्ये, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे, शिवाय मदत करणाऱ्या दोन-तीन संस्थांकडे असते. मग कोणी संशोधक, कोणी वार्ताहर, कोणी देणगीदार संस्थेला विचारतो, ‘चार-पाच बायांचे नंबर द्या ना’. हेतू चांगला असतो. पण त्या बाईला आपली गोष्ट आठव्यांदा, नवव्यांदा अनोळखी माणसाला सांगावी लागते आणि नाही म्हटले तर मदत थांबेल ही भीती मनात असते. अशा वेळी नंबर देण्याआधी संस्थेच्या माणसाने त्या बाईला स्वतः विचारले पाहिजे. ‘नाही म्हटलं तरी तुझ्या मदतीला धक्का लागणार नाही’ हे वाक्य मोठ्याने उच्चारले पाहिजे. बचत गटांनाही हेच लागू. गटाच्या बैठकीची हजेरी आणि सह्या घेताना गोळा केलेले नंबर एखाद्या मायक्रोफायनान्स कंपनीच्या माणसाला गटाच्या अध्यक्षांनी परस्पर दिले, तर कर्जाचा तगादा मात्र प्रत्येक बाईच्या दारात येतो.

जगात इतरत्र याचा अनुभव लोकांनी घेतला आहे. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात ऑलिव्ह कुक नावाच्या आजी आयुष्यभर सैनिकांच्या स्मृतिनिधीसाठी कागदी फुले विकत. २०१५ मध्ये ९२ व्या वर्षी त्या वारल्या, तेव्हा चौकशीत उघड झाले की त्यांचे नाव आणि पत्ता ९९ धर्मादाय संस्थांकडे होता. बऱ्याच संस्थांनी तो दुसऱ्यांकडून मिळवलेला होता. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी प्राण्यांसाठी आणि हृदयरोग्यांसाठी काम करणाऱ्या दोन नामवंत संस्थांना अनुक्रमे २५,००० आणि १८,००० पौंड दंड केला. देणगीदारांच्या याद्या इतर संस्थांशी वाटून घेणे हा त्यांच्यावरच्या ठपक्यातला एक भाग होता. या संस्था लबाड नव्हत्या. आपले काम चांगले आहे, म्हणून त्यासाठी केलेले सगळे चालेल, असे त्या धरून चालल्या होत्या. आपल्याकडेही हीच समजूत आहे.

उलट बाजूचा दाखला अमेरिकेचा. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेकडे अलाबामा राज्याने सभासदांची यादी मागितली. संघटनेने नकार दिला, तेव्हा तिला एक लाख डॉलर दंड झाला. १९५८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. नावे बाहेर आली तर सभासदांची नोकरी जाईल, त्यांच्यावर हल्ले होतील, मग कोणी सभासदच होणार नाही, हे न्यायालयाने मानले. यादी जपणे म्हणजे संघटना जपणे, हे त्या निकालाने ठरवून दिले.

आता आपल्या देशाचा कायदा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तोवरच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातली माहिती-सुरक्षेची तरतूद मुख्यतः व्यापारी कंपन्यांसाठी होती आणि मंडळे-संघ तिच्या बाहेर राहत. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत.

हा कायदा ‘आमचे मंडळ छोटे, ना नफा ना तोटा’ म्हणून कोणाला सोडत नाही. त्यातल्या ‘व्यक्ती’च्या व्याख्येत माणसांचा समूहही येतो, नोंदणी झालेली असो वा नसो. माहिती संगणकावर असली किंवा कागदावरून संगणकावर चढवली की कायदा लागू. आपल्या मोबाइलमध्ये घरगुती कामासाठी मित्रांचे नंबर ठेवणाऱ्याला तो लागू नाही, पण संस्थेच्या नावाने यादी ठेवणाऱ्याला आहे. माहिती घेताना ती कशासाठी घेतो हे साध्या भाषेत सांगायचे, आणि माणसाला हवे असेल तर हे निवेदन मराठीत वाचण्याची सोय द्यायची. संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि गरज संपलेली माहिती पुसून घेण्याचा हक्क सभासदाला आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, म्हणजे गुणगौरवाचा तो फॉर्म थेट यात येतो. यादी फुटली तर संबंधित माणसांना आणि या कायद्याखालच्या सरकारी माहिती संरक्षण मंडळाला कळवायचे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ती मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेली दिसते आणि वाचनालयाच्या सचिवांनी तिला घाबरून राजीनामा देण्याचे कारण नाही. दंड ठरवताना चुकीचे स्वरूप आणि गांभीर्य पाहायचे असते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी. माणसाने स्वतः जगजाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. म्हणून परिचय पुस्तिकेत किंवा स्मरणिकेत काय द्यायचे, हे छापण्याआधीच ठरवले पाहिजे.

करायचे काय, तर फार थोडे. फॉर्मवरचा प्रत्येक रकाना वाचून ‘हे कशाला?’ असे विचारायचे आणि उत्तर सापडले नाही तर तो काढून टाकायचा. आधार क्रमांक बहुतेक मंडळांना लागतच नाही. फॉर्मच्या तळाशी तीन वेगळे प्रश्न विचारायचे: संस्थेच्या गटात घालू का, छापील सूचीत नंबर देऊ का, दुसऱ्या सभासदाने मागितला तर देऊ का. तिन्हींपुढे होय-नाहीची जागा हवी, आणि कोरे सोडले तर त्याचा अर्थ ‘नाही’ धरायचा. मतदारांची यादी वेगळी आणि संपर्काची यादी वेगळी ठेवायची. पहिली यादी सूचनाफलकावर लागली तरी चालेल, दुसरी फक्त दोन पदाधिकाऱ्यांकडे असावी आणि पदावरून जाताना त्यांनी ती नव्या माणसाच्या हवाली करून आपल्या मोबाइलमधून काढून टाकावी. हे कार्यवाहीच्या वहीत लिहावे, कारण जुन्या पदाधिकाऱ्यांकडे राहिलेली यादी हीच सर्वांत जास्त फिरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना पाठवायला गटच हवा असे नाही. प्रसारण यादी केली तर सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. फक्त प्रत्येकाने पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला असावा लागतो आणि एका यादीत २५६ जणच बसतात. मोठ्या संस्थेने दोन-तीन याद्या कराव्यात. गुगल शीटची लिंक ‘ज्याच्याकडे लिंक त्याला खुली’ अशी ठेवू नये.

आणि बाहेरचा कोणी यादी मागायला आला, मग तो दाता असो, उमेदवार असो, पत्रकार असो की अध्यक्षांचा मेहुणा, तर एकच रीत पाळावी. नंबर द्यायचा नाही, निरोप पोचवायचा. ‘तुमचे पत्र द्या, आम्ही सभासदांना पाठवू, ज्यांना हवे ते तुम्हाला फोन करतील.’ ज्याचे काम खरे आहे, त्याला यात अडचण येत नाही. ओ निगेटिव्ह रक्त रात्री दोन वाजता हवे असेल, तरीही रक्तदाता गटाच्या माणसाने स्वतः दात्याला फोन करावा. त्याला पाच मिनिटे लागतात. नातेवाइकांच्या हाती यादी दिली की तीच यादी पुढच्या महिन्यात तीन दवाखान्यांच्या भिंतीवर चिकटलेली असते.

सभासदालाही हातपाय हलवता येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगीपणाच्या सेटिंगमध्ये ‘मला गटात कोण घालू शकतो’ तिथे ‘माझे संपर्क’ निवडता येते. जाहिरातींचे फोन नको असतील तर १९०९ वर नोंद करता येते आणि नको असलेल्या फोनची तक्रारही तिथेच. पैशांची फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. पण हे सगळे नंबर बाहेर गेल्यावरचे उपाय. संस्थेला लेखी विचारणे हा त्याआधीचा: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणाकोणाला दिली, आणि माझा नंबर छापील सूचीतून काढा. असे पत्र म्हणजे संस्थेवर अविश्वास नव्हे. हिशेब विचारणाऱ्या सभासदाला आपण शत्रू मानत नाही, मग माहितीचा हिशेब विचारणाऱ्याला का मानावे?

बहुतेक संस्थांची आमसभा सप्टेंबरच्या आत होते. विषयपत्रिकेत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ असतातच. यंदा आपल्या मंडळाच्या, संघाच्या, वाचनालयाच्या सभेत उठून एवढा ठराव मांडा: ‘सभासदाची संपर्क माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय संस्थेबाहेर कोणालाही दिली जाणार नाही, स्मरणिकेत वा सूचीत छापली जाणार नाही, आणि ती कोणाला दिली त्याची नोंद ठेवली जाईल.’ अनुमोदक शेजारीच बसलेला असेल. ठराव मंजूर झाला की तो कार्यवाहीत शब्दशः लिहून घ्या आणि पुढच्या वर्षीच्या सभेत त्या नोंदीची वही मागा.